दोघांचा पट : डावपेचाचा खेळ स्वतः बनवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कॅरम आणि बुद्धिबळ खेळणारे गल्लोगल्ली आहेत. आपला स्वतःचा खेळ बनवावा असं वाटणारेही त्यांच्यात बरेच असतात. त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. क्रम मुद्दाम लावलेला नाही.

नेमका कुठल्या खेळाबद्दल बोलताय?

समोरासमोर दोघं, मधे पट. फासा नाही, कवड्या नाहीत, हातात लपवलेलं पान नाही. जे आहे ते दोघांनाही दिसतं आणि हरलात तर नशिबाला बोल लावता येत नाही. बुद्धिबळ, गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा घेरायचा खेळ), हेक्स (त्याबद्दल पुढे), नवकंकरी, वाघ-बकरी ही त्यातली मंडळी. सारीपाट यात बसत नाही, कारण कवड्या कशा पडतील ते कुणाच्या हातात नसतं. रमीही नाही, कारण समोरच्याची पानं दिसत नाहीत.

सुरुवात कुठून करू? पटापासून, सोंगट्यांपासून की नियमांपासून?

शेवटापासून. बहुतेक जण आधी सुंदर पट आखतात, मग सोंगट्यांच्या चाली ठरवतात आणि ‘जिंकायचं कसं’ हे शेवटी कुठेतरी चिकटवतात. मला ही उलटी वरात वाटते. डाव कसा संपणार हे ठरलं की पट किती मोठा आणि सोंगट्या किती हे निम्मं आपोआप ठरतं.

शेवटाचे प्रकारही फार नाहीत. समोरच्याची एखादी सोंगटी कोंडायची (बुद्धिबळ), रांग जुळवायची (फुल्ली-गोळा), दोन कडा जोडायच्या (हेक्स), जागा मोजायची (गो), नाहीतर समोरच्याला चालच उरू द्यायची नाही. यातला एक निवडा. दोन निवडू नका. ‘पाच सोंगट्या मारल्या किंवा पलीकडच्या ओळीत पोचलं की जिंकलं’ असं लिहिलंत, तर खेळणारे दोन्हीपैकी सोपी वाट शोधून काढतात आणि दुसरी कागदावरच राहते.

शेवट निवडल्यावर स्वतःलाच एक प्रश्न विचारा: दोघांनी हट्टाने ठरवलं, तर हा डाव कधीच संपणार नाही असं होऊ शकतं का? उत्तर ‘हो’ असेल तर खेळ अजून तयार झालेला नाही.

आमच्या खेळात नेमकं तेच होतं. दोघंही एकच सोंगटी पुढे-मागे करत बसतात. काय करावं?

गणपतीत मांडवात रात्री जागणाऱ्या पोरांपुढे नवा पट ठेवला की थोड्या वेळात कुणीतरी म्हणतं, “हे काय ओ, संपंनाच की!” या दुखण्यावर जुन्या खेळांनी औषधं शोधलेली आहेत. बुद्धिबळात तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. गोमध्ये समोरच्याने आपली सोंगटी घेतली, तर त्याची सोंगटी लगेच उलट घेऊन आधीचीच मांडणी उभी करता येत नाही. असे नियम काम करतात, पण ते ठिगळ असतं. नवशिक्याला ते समजावता समजावता पुरेवाट होते.

त्यापेक्षा बरा उपाय म्हणजे प्रत्येक पाळीला असं काहीतरी घडवायचं जे परत फिरवता येत नाही. एक उदाहरण पूर्ण मांडतो. त्याला आपण ‘कोंडी’ म्हणू.

सात बाय सातचा चौकोनी पट. दोघांच्या तीन-तीन सोंगट्या, आपापल्या पहिल्या ओळीत दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या घरात. आपल्या पाळीला एक सोंगटी आठांपैकी कुठल्याही दिशेने एक घर हलवायची. मग ती जिथे पोचली त्याला लागून असलेल्या एका मोकळ्या घरात चिंचोका ठेवायचा. चिंचोका पडला ते घर कायमचं बंद, दोघांनाही. आपली पाळी आली आणि तिन्ही सोंगट्यांपैकी एकही हलेना, तर हरलो. संपले नियम.

आता हिशोब बघा. घरं ४९, त्यात सोंगट्या ६, म्हणजे सुरुवातीला मोकळी घरं ४३. सोंगटी हलली की एक घर भरतं आणि एक सुटतं, तिथे फरक शून्य. पण चिंचोक्याने दर पाळीला एक घर कमी होतं. म्हणजे दोघांच्या मिळून ४३ पाळ्यांच्या पुढे डाव जाऊच शकत नाही. बरोबरीही नाही, कारण कुणीतरी आधी अडकणारच. आणि चिंचोका ठेवायला जागाच नाही असंही कधी होत नाही. दुसरं काही नसलं तरी सोंगटी जिथून निघाली ते घर शेजारीच मोकळं असतं. ठिगळाचा एकही नियम लागला नाही.

ही युक्ती माझ्या डोक्यातून आलेली नाही. अर्जेंटिनाच्या वॉल्टर झामकाउस्कासने १९८८ मध्ये ॲमेझॉन्स नावाचा खेळ केला, त्यात ती आहे. तिथे पट दहा बाय दहाचा आणि सोंगट्या चार-चार, त्यामुळे जास्तीत जास्त पाळ्या ९२. सोंगट्या बुद्धिबळातल्या वजिरासारख्या पळतात आणि चिंचोक्यांच्या जागी असलेले बाणही तसेच लांब जातात. कोंडी हे त्याचं अंगणात खेळण्याजोगं धाकटं भावंड म्हणा.

खेळून बघितलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल. अर्ध्यानंतर चिंचोक्यांच्या भिंती उभ्या राहतात आणि दोघांच्या सोंगट्या वेगवेगळ्या खोल्यांत बंद होतात. तिथून पुढे मारामारी नसते, मोजणी असते. माझ्या खोलीत पाच मोकळी घरं, तुमच्या खोलीत चार. दोघांनीही काटकसरीने वापरली तर कुणाचीही पाळी असली तरी मी जिंकतो. घरं सारखी असतील तर ज्याची पाळी तो हरतो. पण खोलीचा आकार वेडावाकडा असला तर सगळी घरं वापरता येत नाहीत. एका कोपऱ्यात शिरलं की दुसरा कोपरा हातचा जातो. म्हणून कसलेला खेळाडू मधल्या डावातच खोल्यांच्या आकाराकडे बघून चिंचोके टाकतो. यातलं काही नियमात लिहिलेलं नाही, ते शेवटाच्या त्या एका अटीतून आलंय.

पहिली चाल करणाऱ्याला फायदा असतोच ना?

बहुतेक खेळांत असतो. हेक्समध्ये तर तो सिद्धच झालेला आहे आणि ती सिद्धता इतकी सोपी की चहा संपेपर्यंत समजते.

हेक्स १९४२ मध्ये डेन्मार्कच्या पीट हाइनने शोधला. काही वर्षांनी जॉन नॅशने तो अमेरिकेत स्वतंत्रपणे पुन्हा शोधला. षटकोनी घरांचा, साधारण ११ बाय ११ चा तिरका पट. एकाने वरची-खालची कड जोडायची, दुसऱ्याने डावी-उजवी. पट पूर्ण भरला तरी दोघांपैकी एकाची वाट जोडलेली असतेच, म्हणजे बरोबरी नाही. आता समजा, दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकायची युक्ती आहे. मग पहिल्याने पहिली सोंगटी कुठेही टाकायची, ती विसरून जायची आणि स्वतःला दुसरा समजून तीच युक्ती वापरायची. युक्तीने सांगितलेल्या घरात आपली सोंगटी आधीच असेल तर आणखी कुठेही टाकायची. हेक्समध्ये आपली एखादी सोंगटी जास्त असल्याने कधीच तोटा होत नाही. म्हणजे पहिलाही जिंकणार! दोघं एकदम जिंकू शकत नाहीत, तेव्हा दुसऱ्याकडे अशी युक्ती असूच शकत नाही. ती पहिल्याकडेच असणार. गंमत अशी की ती आहे एवढंच यातून कळतं, कुठली ते कळत नाही.

फायदा आहे हे मान्य केलं की उपाय सोपा. घरात कुंद्याची एकच वडी उरली तर एका भावाने कापायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची. इथेही तसंच: पहिल्याने पहिली चाल करायची, मग दुसऱ्याने ठरवायचं की ती बाजू आपण घ्यायची की समोरच्याकडेच ठेवायची. चाल फार जोरदार केली तर ती हिसकावली जाणार, म्हणून पहिला आपणहून बेताची चाल शोधतो. कोंडीत तर याहून चांगलं करता येतं. पहिल्याने सहाही सोंगट्या हव्या तशा मांडायच्या, दुसऱ्याने बाजू निवडायची.

मोजणीचा खेळ असेल तर दुसऱ्याला भरपाईचे गुण द्या. गोमध्ये जपानात साडेसहा आणि चीनमध्ये साडेसात गुण देतात. तो अर्धा गुण बरोबरी टाळायला असतो.

वीस डाव खेळलो, पहिला बारा वेळा जिंकला. म्हणजे खेळ एकतर्फी आहे का?

त्यावरून काहीच म्हणता येत नाही. नाणं वीस वेळा उडवलं तरी छापा बारा किंवा जास्त वेळा पडण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. पंधरा किंवा जास्त वेळा पहिला जिंकला तर मात्र कान टवकारा, कारण तसं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास. शिवाय ते वीस डाव कोण खेळलं हेही बघा. मोठा भाऊ दरवेळी पहिली चाल घेत असेल तर तुम्ही भावाची परीक्षा घेतलीत, खेळाची नाही. पाळी आलटून पालटून घ्या आणि वहीत पहिला कोण, जिंकला कोण, किती पाळ्या झाल्या एवढं टिपून ठेवा.

पट केवढा असावा?

वाटतो त्याहून लहान. बुद्धिबळात एका वेळी सरासरी ३५ चाली शक्य असतात, गोच्या मोठ्या पटावर सुमारे २५०. हे आकडे वाचून नवा माणूस थेट बारा बाय बारा आखायला घेतो. कोंडीच्या सात बाय सातवर पहिल्याच पाळीला सोंगटीच्या १५ चाली आहेत आणि प्रत्येकीपुढे चिंचोक्याचे निरनिराळे पर्याय. डोकं खाजवायला तेवढं पुरतं. लहान पटावर खेळ कंटाळवाणा झाला तर मोठ्यावरही तो कंटाळवाणाच होतो, फक्त जास्त वेळ.

समोरचा माझ्या प्रत्येक चालीची आरशातल्यासारखी नक्कल करतो. हे चालतं का?

चालतं, आणि तुमच्या खेळाला ते मारूही शकतं. जुनं कोडं आहे: गोल टेबलावर दोघांनी आळीपाळीने नाणी ठेवायची, ज्याला जागा उरणार नाही तो हरला. पहिला बरोब्बर मधोमध नाणं ठेवतो आणि पुढे समोरच्याच्या प्रत्येक नाण्याच्या थेट विरुद्ध बाजूला आपलं ठेवतो. तो कधीच हरत नाही.

यावर उपाय म्हणजे मध्यावर झटापट होईल असं बघायचं. कोंडीत नक्कल सुरू आहे असं दिसलं की मधलं घर गाठायचं किंवा त्यावर चिंचोका टाकायचा. त्या घराचं प्रतिबिंब तेच घर, तिथे नक्कल मोडते.

षटकोनी पट हाताने काढायला जमत नाही.

षटकोन काढूच नका, विटा काढा. भिंतीतली प्रत्येक वीट सहा विटांना टेकलेली असते, खेळाला तेवढंच पुरतं. गणिताच्या चौकटीच्या वहीत दोन चौकोन रुंद, दोन चौकोन उंच अशी एक वीट धरा. एका ओळीत अकरा विटा. खालची ओळ एक चौकोन उजवीकडे सरकवून सुरू करा, पुढची आणखी एक. अकरा ओळी झाल्या की हेक्सचा पट तयार: ३२ चौकोन रुंद, २२ उंच. एका पानावर मावला नाही तर जोडपान घ्या.

सोंगट्या, पट कशाचे करावेत?

नियम पक्के होईपर्यंत जे फेकून देताना वाईट वाटणार नाही त्याचे. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा पटाला उत्तम. शहापूर-वडगावात घरटी सापडेल. सोंगट्यांना शर्टाची बटणं, दोन रंगांची. अडथळ्याला चिंचोके. गुंजा दिसायला देखण्या, पण विषारी. लहान मुलं असलेल्या घरात अजिबात नकोत. लाल विरुद्ध हिरवा असे रंग घेऊ नका. काहींना तो फरक दिसतच नाही. काळा-पांढरा कधी दगा देत नाही.

नियम पक्के झाल्यावर हौस करा. सावंतवाडीची लाखेची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत, गोकाकची रंगवलेली लाकडी फळं-भाज्या आपल्याच जिल्ह्यातली. कातारी कारागिराला नमुना म्हणून एक सोंगटी द्या. चित्र दाखवून समजावण्यापेक्षा ते बरं पडतं.

जुन्या खेळावरून नवा करता येईल का? वाघ-बकरीसारखा?

करावाच. वाघ-बकरी, ज्याला कन्नडात आडू-हुली म्हणतात, हा तर धडा म्हणून सोबत ठेवावा असा खेळ आहे. दोन्ही बाजू सारख्या नाहीत आणि तरी लढत होते. नेपाळच्या बागचालमध्ये पाच बाय पाच रेघांच्या पटावर ४ वाघ, २० बकऱ्या. वाघांनी उडी मारून बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघांना हलू द्यायचं नाही. संगणकाने हा खेळ तपासला तेव्हा दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो असं निघालं. इतक्या विषम बाजूंचा काटा इतका सरळ उभा राहावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

विषम बाजूंचा खेळ जुळवणं अवघड. बकऱ्या एकाने वाढवल्या की सगळं पारडं फिरतं. सोपी पळवाट अशी: दर वेळी दोन डाव खेळायचे, बाजू बदलून, आणि दोन्हींची बेरीज धरायची. खळगे आणि बियांचा खेळ करायचा असेल तर कर्नाटकातली चौदा खळग्यांची चेन्नेमणे बघा.

संगणकाने सोडवलेला खेळ मेला असं समजायचं का?

नाही. सोडवणं म्हणजे दोघंही अचूक खेळले तर निकाल काय ते पक्कं ठरवणं. नवकंकरीचं जागतिक भावंड, नाइन मेन्स मॉरिस, १९९३ मध्ये सोडवलं गेलं, उत्तर बरोबरी. चेकर्स २००७ मध्ये कॅनडात सोडवला गेला, तिथेही बरोबरी. ‘चार एका ओळीत’ म्हणजे कनेक्ट फोरचं १९८८ मध्येच कळलं: पहिला मधल्या उभ्या रांगेतून सुरू करून जिंकतो. तरी लोक खेळतातच, कारण ते उत्तर कुणाच्या डोक्यात मावत नाही. तुमचा खेळ फुल्ली-गोळ्याइतका लहान असेल तरच काळजी करा.

संगणक मदतीला मात्र घ्या. लुडी नावाची मोफत प्रणाली आहे. तिच्यात नियम विशिष्ट पद्धतीने लिहिले की ती स्वतःशीच शेकडो डाव खेळते आणि पहिला किती वेळा जिंकतो ते सांगते. याच्याही पुढचं म्हणजे यावालाथ. षटकोनी पटाचा हा खेळ कॅमेरॉन ब्राउन यांच्या संगणक प्रणालीने २००७ मध्ये शोधला. ओळीत चार जुळले तर जिंकलात, पण त्याआधी तीन जुळले तर हरलात. एका वाक्याचा नियम, पण चार जुळवायला जाताना तिनाचा खड्डा टाळावा लागतो, म्हणून समोरच्याला नको ती चाल करायला भाग पाडता येतं.

बुद्धिबळाच्या पक्क्या खेळाडूंकडून तपासून घेऊ का?

घ्या, पण शेवटी. आपल्याला सांगली जवळ आहे, तिथे बुद्धिबळाची जुनी परंपरा आहे. निपाणी-चिकोडीतही चांगले खेळाडू भेटतील. त्यांच्या हाती पट दिला की नियमातलं भोक लगेच सापडतं. पण त्यांना कुठलाही खेळ समजतो, म्हणून तुमचे नियम सोपे आहेत की नाहीत हे त्यांच्याकडून कळत नाही. त्यासाठी सातवी-आठवीची मुलं बरी. न पटलेला नियम ती थेट तोंडावर सांगतात.

नियम मराठीत लिहू की कन्नडात?

दोन्हींत, एकाच कागदावर, आणि मधे चित्रं. आपल्याकडे घरात मराठी आणि शाळेत कन्नड अशी मुलं बाकाबाकावर आहेत, उलटंही आहे. लिहून झालं की कागद दोघांच्या हातात द्या आणि स्वतः गप्प बसा. तोंडाने एक शब्द सांगायचा नाही. ती जिथे अडतात किंवा चुकीचं खेळतात तिथे खूण करा आणि ते वाक्य परत लिहा. चुकीची चाल दाखवणारं चित्र, वर फुली मारून, फार उपयोगी पडतं. ‘शेजारचं घर’ म्हणजे तिरकं धरायचं की नाही, यावर सर्वात जास्त भांडणं होतात. ते शब्दात सांगूच नका, बाण काढा.

खेळाला ‘सीमा’ किंवा ‘सीमालढा’ असं नाव देऊ का?

मला विचाराल तर नको. पटावर दोन रंग आणि मधे रेघ दिसली की इथे कुणीही त्याचा अर्थ लावतो, आणि मग चालींपेक्षा दुसऱ्याच गोष्टी बोलल्या जातात.

कुणी माझा खेळ चोरला तर? पेटंट मिळतं का?

खेळायच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमातच तसं म्हटलंय. तुम्ही लिहिलेल्या नियमांच्या मजकुरावर आणि चित्रांवर लेखनहक्क (कॉपीराइट) असतो, नावाचा ट्रेडमार्क नोंदवता येतो, तो दहा वर्षांचा आणि पुढे वाढवता येतो. पण कल्पना मोकळीच राहते. तुम्हीही दुसऱ्यांच्या कल्पना उचलणारच आहात. उचललीत तर नाव घ्या.

विकायचा असेल तर परवाना लागतो का?

चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून विकणार असाल तर लागतो. १ जानेवारी २०२१ पासून अशा खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणून कातारी कारागिराशी बोलतानाच त्याची नोंदणी आहे का ते विचारून घ्या. खोक्यावर वय काय छापायचं तेही तेव्हाच ठरवा, छपाई झाल्यावर नाही.